न समजलेलं मूल कोणाला दिसतं?

आमच्या गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत गेल्या वर्षी एक मोठा टीव्ही आला. गाव पेडणे तालुक्यातलं, लहानसं. शाळेत मुलं चौदा, वर्ग चार आणि बाई एक. टीव्ही भिंतीवर बसवला, वायर ओढली, नारळ फोडला. बघायला गावातली माणसंही जमली होती. तेव्हा आमच्या वाड्यावरचे एक काका सहज बोलून गेले, "आता बाईंची बदली झाली तरी चलता. शिकवक टीव्ही आसा." सगळे हसले. बाईही हसल्या. मी मात्र ते वाक्य घेऊन घरी आले आणि ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

काकांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या घराघरांत हेच बोलणं वेगळ्या शब्दांत चालू असतं. मुलाचं नाव कुठल्या शाळेत घालायचं हे ठरवताना आईबाप पहिल्यांदा विचारतात, इंग्लिश मीडियम आहे का? मग विचारतात, स्मार्ट क्लासरूम आहे का? वर्गात शिकवतं कोण, हा प्रश्न तिसरा. कधी कधी तो येतच नाही.

'तंत्रज्ञान : शाप की वरदान' हा निबंध आपण सगळ्यांनी लिहिला आहे. मी तो आठवीत लिहिला, दहावीत लिहिला आणि अकरावीच्या स्पर्धेतही लिहिला. तिन्ही वेळा शेवट एकच होता : तंत्रज्ञान हे दुधारी शस्त्र आहे, ते कसं वापरायचं हे आपल्या हातात आहे. एकदा त्याला दुसरं बक्षीसही मिळालं. आज तृतीय वर्षात बसून विचार करते तेव्हा वाटतं, त्या वाक्यात मी काहीच म्हटलं नव्हतं. कसं वापरायचं म्हणजे नेमकं कसं? आणि ते 'आपण' म्हणजे कोण? मंडळाच्या या अंकात मला त्या निबंधाचा शेवट बदलायचा आहे.

त्यासाठी आधी माझ्या धाकट्या भावाची गोष्ट सांगते.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. जूनमध्ये मी दहावीत गेले आणि भाऊ दुसरीत. घरात स्मार्टफोन एक, तो पप्पांचा. पप्पा पिकअप चालवतात, त्यामुळे फोन सकाळी त्यांच्याबरोबर जायचा आणि संध्याकाळी सातला परत यायचा. म्हणजे आमची शाळा संध्याकाळी सातला भरायची. आमचं घर खोलगट जागेत, तिथे रेंज नाही. देवळामागच्या टेकडीवर चढायचं, पाऊस असला तर छत्री धरून बसायचं. सत्तरी, सांगे, काणकोणच्या मुलांचे डोंगरावर बसून अभ्यास करतानाचे फोटो तेव्हा पेपरात यायचे. आमचे कोणी काढले नाहीत, एवढाच काय तो फरक.

कोणीतरी पप्पांना एक फुकटचं शैक्षणिक ॲप सांगितलं. त्यात रंगीत चित्रं होती, उड्या मारणारं माकड होतं आणि हिंदीतून बोलणारा आवाज होता. प्रत्येक धड्याच्या शेवटी तो आवाज विचारायचा, "समझ में आया?" खाली हिरवं बटण. ते दाबलं की टाळ्या वाजायच्या, एक स्टार मिळायचा आणि पुढचा धडा उघडायचा. भाऊ दर वेळी बटण दाबायचा. का नाही दाबणार? सात वर्षांच्या मुलाला माकड पुढे काय करतं ते बघायचं होतं. काही महिन्यांत त्याच्याकडे दोनशेच्या वर स्टार जमले. पप्पांच्या फोनवर रिपोर्ट यायचा, त्यात वजाबाकीसमोर शंभर टक्के. पप्पा तो रिपोर्ट सगळ्या नातेवाइकांना पाठवायचे. दहावीच्या गडबडीत मीही त्यात डोकं घातलं नाही.

२०२२ च्या सुरुवातीला प्राथमिक शाळा उघडल्या. भाऊ तोपर्यंत तिसरीत. पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर गणित घातलं : बावन्न वजा सदतीस. भावाने पाटीवर उत्तर लिहिलं पंचवीस.

बाईंनी चूक म्हणून फुली मारली नाही. त्यांनी घरच्या बोलीत विचारलं, हे कसं केलंस ते मला सांग बघू. भाऊ म्हणाला, "दोनातसून सात जायनत, म्हणान सातातसून दोन काडले." मग पाचातून तीन काढले. झाले पंचवीस. म्हणजे त्याने आळस केला नव्हता की अंदाजाने ठोकलंही नव्हतं. त्याने स्वतःचा एक नियम केला होता : मोठ्यातून लहान काढायचं. गेले दीड वर्ष तो त्याच नियमाने वजाबाक्या करत होता आणि माकड टाळ्या वाजवत होतं.

बाईंनी खिडकीतली झाडू घेतली आणि माडाचे हीर मोडून दहा-दहाचे पाच गठ्ठे बांधले. दोन हीर सुटे ठेवले. म्हणाल्या, आता मला यातले सदतीस दे. भावाने तीन गठ्ठे दिले. मग सात सुटे द्यायची वेळ आली. हातात दोनच. तो थोडा वेळ थांबला, बाईंकडे बघितलं आणि स्वतःच एका गठ्ठ्याची गाठ सोडली. ती गाठ सुटली तेव्हा त्याला वजाबाकी कळली. सगळ्याला लागली फार तर दहा मिनिटं. हे मला माहीत आहे कारण घरी येऊन त्याने आमची झाडू मोडली आणि आईचा मार खाल्ला.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. शाळेत येणाऱ्या कुठल्याही वस्तूला, मग ती टीव्ही असो, टॅब असो की उद्याचा बोलणारा रोबोट असो, आपण एक प्रश्न विचारायला हवा : ज्या मुलाला समजलेलं नाही, ते मूल हिच्यामुळे कोणाला दिसतं का? दिसत असेल तर ती वस्तू शाळेत हवी. ते मूल टाळ्यांखाली झाकलं जात असेल, तर ती फुकट मिळाली तरी महाग आहे.

आता कोणी म्हणेल, ही तुझी मास्तरांविषयीची भाबडी भक्ती. तसं नाही. हायस्कुलात मला एक सर होते, त्यांनी वर्षभर गाइडमधली उत्तरं वाचून दाखवली आणि पुस्तकातून मान वर केली नाही. शेवटच्या बाकावर कोण आहे, आहे की नाही, हे त्यांना कधी कळलं नसेल. त्यांच्या जागी टीव्ही लावला असता तर निदान आवाज स्पष्ट आला असता. म्हणजे माणूस समोर उभा आहे एवढ्याने काम होत नाही. त्याने बघावं लागतं.

आणि यंत्रांनी दिलेलं नाकारणंही खोटेपणा ठरेल. फोन नसता तर त्या दोन वर्षांत आमच्या घरात शाळा हा शब्दच उरला नसता. हृदयाचे कप्पे कसे उघडतात-मिटतात हे मला फळ्यावरच्या आकृतीने कधी कळलं नाही, ते यूट्यूबवरच्या तीन मिनिटांच्या व्हिडिओने कळलं. आपल्याच वर्गातला एक मित्र स्क्रीन रीडर लावून पुस्तकं ऐकतो. तो नसता तर त्याला प्रत्येक पानासाठी कोणाची तरी वाट बघावी लागली असती. त्याच्यासमोर 'शाप की वरदान' असा वाद घालायची माझी हिंमत नाही.

जगात यावर प्रयोग झालेले आहेत, त्यातले दोन मला महत्त्वाचे वाटतात. पहिला पेरूचा. दक्षिण अमेरिकेतल्या या देशाने 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या मोहिमेतून खेड्यापाड्यांतल्या शाळांत लाखो लॅपटॉप वाटले. संशोधकांनी लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची तुलना केली. साधारण सव्वा वर्षानंतरही गणिताच्या आणि भाषेच्या चाचणीत काही फरक दिसला नाही. मुलांना लॅपटॉप चालवता यायला लागला, एवढं मात्र झालं.

दुसरा प्रयोग आपल्या देशातला, दिल्लीतला, २०१५ चा. तिथे शाळा सुटल्यावर मुलं एका केंद्रात जायची. संगणकावरचा प्रोग्राम आधी त्या मुलाला खरोखर किती येतं ते तपासायचा आणि तिथूनच सुरुवात करायचा. मूल कागदावर आठवीत असेल, पण त्याला चौथीचं गणित येत असेल तर चौथीपासून. तेही हिंदीत, मुलांच्या भाषेत. शिवाय लहान गटांना मदत करायला केंद्रात एक माणूस होता. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितात आणि हिंदीत चांगली प्रगती झाली.

दोन्हीकडे यंत्रंच होती. पेरूत वस्तू पोचवली आणि काम झालं असं धरलं. दिल्लीत मूल नेमकं कुठे अडलं आहे ते आधी शोधलं. आमच्या बाईंनी माडाच्या हिरांनी जे केलं, तेच तिथे संगणकाने केलं. त्यामुळे यंत्राला हे जमणारच नाही असं मी म्हणत नाही. जमू शकतं. पण दुकानात 'स्मार्ट' म्हणून जे विकलं जातं, त्यात हे आहे का ते कोणी बघत नाही. आपण इंच बघतो.

आपल्याकडचे आकडेही हेच सांगतात. 'असर' हा ग्रामीण भारतातल्या मुलांच्या शिक्षणाचा सर्व्हे तुम्ही ऐकला असेल. २०२४ च्या सर्व्हेत तिसरीतल्या १०० मुलांपैकी साधारण २७ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. त्याच सर्व्हेत १४ ते १६ वयाच्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामाला वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. (आपण कुठल्या ७६ टक्क्यांत आहोत ते ज्याचं त्याने ठरवावं.) थोडक्यात, फोन घरात पोचला, वाचन मात्र अजून वाटेत आहे.

खरं तर यंत्र आलं आणि शाळा बदलली, ही घोषणा फार जुनी आहे. १९१३ साली एडिसनने भाकीत केलं होतं की सिनेमामुळे लवकरच शाळेतली पुस्तकं जातील आणि दहा वर्षांत शाळा पार बदलेल. आपल्या देशात १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेड्यांत शैक्षणिक टीव्ही दाखवण्याचा 'साइट' हा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत सामुदायिक टीव्ही बसले, त्यात आपल्या शेजारच्या कर्नाटकातली गावंही होती. २००४ मध्ये खास शिक्षणासाठी 'एज्युसॅट' उपग्रह सोडला. गोव्यात २०२१ मध्ये शाळांमधून कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवायची सरकारी योजना आली. यातली कुठलीच गोष्ट वाईट नव्हती. पण दर वेळी यंत्राचं उद्घाटन झालं आणि बावन्नातून सदतीस वजा करणारं मूल होतं तिथेच बसून राहिलं.

आता भाषेविषयी. आपण मराठी वाङ्मय मंडळाची माणसं, त्यामुळे हा आपल्या घरचाच विषय आहे.

माझा भाऊ घरी बोलतो ती पेडण्याची कोंकणी. शाळेचं पुस्तक मराठीत. ॲप बोललं हिंदीत. आणि पुढे काही शिकायचं तर इंग्लिश लागणार असं सगळे सांगतात. आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात चार भाषा, आणि त्यातली जी त्याला सगळ्यात चांगली येते ती कुठल्याच पडद्यावर नाही. "समझ में आया?" हा प्रश्न तरी त्याला नीट समजला होता का? मी त्याला नंतर विचारलं. म्हणाला, "हिरवं दाबायचं असतं ना?"

आता भाऊ सातवीत आहे आणि माकडाची जागा एआयने घेतली आहे. मागच्या महिन्यात त्याला 'माझे गाव' या विषयावर निबंध होता. त्याने फोनला सांगितलं, फोनने अर्ध्या मिनिटात दोन पानं दिली. शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं. निबंधात गावाच्या मधोमध चावडी होती, तिथे संध्याकाळी पाटील बसत होते, शिवारात ज्वारी डोलत होती आणि पारावर म्हातारी माणसं गप्पा मारत होती. वर्गात त्याला 'छान' असा शेरा मिळाला.

मी विचारलं, "अरे, आपल्या गावात पाटील कोण?" तो हसायला लागला. "आणि ज्वारी कुठे असते?" त्याला माहीत नव्हतं. मग मी वही मिटवली आणि म्हटलं, गावाविषयी मला नुसतं सांग. तो तासभर बोलला. खाजनातली मानस, तिथे लागणारी मासळी, काजूच्या दिवसांत बोंडं वेचताना शर्टाला पडलेले डाग आणि आईच्या शिव्या, देवळाची जत्रा, तिठ्यावरचं पानाचं दुकान, रात्री डोक्यावरून मोपाला उतरणारी विमानं. विमान गेलं की आजी दर वेळी "गेलो रे" म्हणते, हेसुद्धा. यातलं काही त्या दोन पानांत नव्हतं. फोनने खोटं लिहिलं असं नाही, त्याने कोणाचं तरी गाव लिहिलं. त्याने शिकलेल्या मराठीत देशावरचं गाव भरपूर आहे. आमचं गाव त्या मराठीत फारसं लिहिलंच गेलेलं नाही, तर ते येणार कुठून?

इथे दोघेही चुकले, यंत्रही आणि शेरा देणारं माणूसही. 'तुझ्या गावात ज्वारी कुठे?' एवढा एक प्रश्न विचारला असता तर मूल सापडलं असतं. एआयच्या काळात शिक्षकाचं काम कमी होईल असं म्हणतात. मला उलट वाटतं. नीटनेटकं उत्तर आता कोणालाही मिळतं, त्यामुळे वहीवरून काही कळत नाही. मुलाशी बोलूनच कळेल. आणि चौदा मुलं, चार वर्ग, एक बाई असं असेल तर बोलायला वेळ कुठून आणायचा?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी आठवतात? २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपल्या लक्षात राहिला तो क्यूआर कोडवाला मास्तर. पुस्तकातला कोड स्कॅन करायचा, की धडा ऐकता-बघता येतो. पण त्या कोडच्या आधी काय घडलं ते जास्त महत्त्वाचं आहे. मुलांना पुस्तकाची भाषा कळत नाही, त्यांच्या घरात कन्नड बोललं जातं, हे त्यांनी बघितलं. मग ते स्वतः ती भाषा शिकले आणि पुस्तकं मुलांच्या भाषेत नेली. कोड त्याच्यावर चिकटला. नुसता कोड चिकटवला असता तर न कळणारं पुस्तक आता आवाजातही न कळणारं झालं असतं.

आणि हे शहाणपण आपल्या गोव्याला नवीन नाही. भारतातलं पहिलं छापण्याचं यंत्र १५५६ मध्ये गोव्यातच उतरलं, जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात. त्या काळचं ते सगळ्यात पुढचं तंत्रज्ञान. त्यानंतर साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' राशोलला छापलं गेलं. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस इथे येऊन मराठी शिकला आणि ओवीत लिहिता झाला, कारण ऐकणाऱ्यांना कळेल अशी तीच रीत होती. गंमत म्हणजे त्या पुस्तकाची लिपी रोमन होती. छापखान्याकडे आपल्या अक्षरांचे खिळेच नव्हते. यंत्राला आपली लिपी येत नव्हती, म्हणून स्टीफन्सनी भाषा सोडली नाही. लिपी उसनी घेतली आणि मराठी आत नेली.

चारशे वर्षांनंतर आपण व्हॉट्सॲपवर मराठी रोमन अक्षरांतच टाइप करतो, म्हणजे लिपीच्या बाबतीत आपण फिरून तिथेच आलो म्हणायचं. फरक एवढाच की आता फोनला देवनागरी येते, कंटाळा आपल्याला येतो.

मग करायचं काय? निबंधाचा शेवट बदलायचा म्हटलं होतं, तर तो असा करते.

शाळेच्या पालक-शिक्षक बैठकीत टीव्हीचं कौतुक जरूर करावं, पण त्याच बैठकीत दुसऱ्या शिक्षकाचीही मागणी करावी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांपर्यंत निदान दोन शिक्षक हवेत. तरीही देशात एक लाखाहून जास्त शाळा एकेका शिक्षकावर चालतात. तिथे यंत्र बाईंच्या जागी आलं तर काम संपलं. यंत्र बाईंच्या हाताखाली आलं, म्हणजे दुसरी-तिसरीची मुलं वीस मिनिटं गोष्ट बघताहेत आणि तेवढ्यात बाई पहिलीच्या चार मुलांजवळ बसून अक्षर गिरवून घेताहेत, असं झालं तर तो टीव्ही सोन्याचा. आमच्या बाई तो तसाच वापरतात. त्यांना हे कोणी प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.

पालकांनी ॲपमधले स्टार मोजू नयेत. फोन बाजूला ठेवावा आणि मुलाला म्हणावं, आज काय शिकलास ते मला शिकव. घरच्या भाषेत. आईला इंग्लिश येत नाही, गणित येत नाही, तरी चालेल. उलट बरंच. न येणाऱ्याला समजावताना मुलाचं कुठे अडतं ते लगेच कळतं. माझी आई सातवी शिकलेली आहे आणि भावाची सगळ्यात चांगली परीक्षा तीच घेते.

आणि आपण? मंडळात आपण कविसंमेलन घेतो, मराठी राजभाषा दिन साजरा करतो, हळदीकुंकवाला उखाणे घेतो. चांगलं आहे, ते चालू राहावं. पण मराठी मुलांना मशीनवर ऐकायला मिळेल ती मराठी कोणाची असेल, हे ठरण्याचा काळ हाच आहे. पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरीच्या गावांचं वर्णन, काजूच्या भट्टीचं, मानशीचं, शिगम्याचं, नाताळच्या गोठ्याचं, साध्या मराठीत आपण लिहिलं नाही, आपल्या आवाजात रेकॉर्ड केलं नाही, तर पुढच्या दहा वर्षांतली प्रत्येक 'माझे गाव' ज्वारीच्या शिवारात वसलेली असेल. हे काम पुण्या-मुंबईचं कोणी येऊन करणार नाही. त्यांना आपली मानस माहीत नाही.

म्हणून मंडळापुढे एक साधा प्रस्ताव ठेवते. महिन्यातून दोन शनिवार, जवळच्या एखाद्या मराठी प्राथमिक शाळेत दोन-दोघांनी जायचं. शिकवायला नाही, आपण शिक्षक नाही. फक्त एकेका मुलाजवळ बसायचं, त्याला वाचायला लावायचं, गणित कसं केलंस ते विचारायचं आणि ऐकायचं. कुठे अडलं ते बाईंना चिठ्ठीवर लिहून द्यायचं. जाताना फोन न्यायचा, गावातल्या आजी-आजोबांकडून एक गोष्ट रेकॉर्ड करून आणायची आणि ती मुलांना पुढच्या वेळी ऐकवायची. आपल्यातले निम्मे तरी पुढे बीएड करणार आहेत, त्यांची तयारीही होईल. बाकीच्यांना निदान कळेल की मुलाचं ऐकत दहा मिनिटं गप्प बसणं किती कठीण असतं.

मी आमच्या गावच्या बाईंशी बोलले आहे. त्या म्हणाल्या, "या. पण टीव्ही दाखवायला येऊ नका, तो मला लावता येतो. बसायला या." पुढच्या शनिवारी साडेनऊच्या कदंबने मी निघणार आहे. आणखी कोणाला यायचं असेल तर गुरुवारपर्यंत मराठी विभागात नाव द्या. झाडू शाळेत आहे, हीर मी घेऊन येते.